गल्लीचं नाक

कोथिंबिरीची जुडी परत गोणपाटावर टाकत गिऱ्हाईक बाई म्हणाली, "बाई, सडला हाये तुमचा सांबार. वास येऊन राह्यला." बयनाबाईनं जुडी उचलली, नाकाशी नेली आणि श्वास ओढला. आत नुसती थंड हवा गेली. तिनं पुन्हा ओढला, या वेळी डोळे मिटून. काहीच नाही. जुडीचा दोरा सोडला तर मधली पानं काळी पडून चिकट झाली होती, बोटांना लागली, म्हणजे बाई खोटं बोलत नव्हती. आदिलाबादच्या भाजीबाजारात सव्वीस वर्षं बसलेल्या बाईला तिचाच सडका सांबार दुसऱ्यानं दाखवावा यासारखी नामुष्की नाही, आणि बयनाबाई नामुष्की सहजासहजी गिळणाऱ्यातली नव्हती. एरवी तिनं त्या बाईला 'घ्याचं नसन तं हात कायले लावता' असं तोंडावर सुनावलं असतं. आज तिनं मुकाट्यानं दुसरी जुडी दिली आणि वर दोन मिरच्याही टाकल्या. शेजारी लसूण विकणारे मारोतराव मान वळवून बघत राहिले. बयनाबाई मिरच्या फुकट देते म्हणजे तिला ताप तरी असणार, असं त्यांना वाटलं.

मग तिनं कोणाला कळू न देता एकेक करून पाहिलं. मारोतरावांच्या ढिगातली लसणाची पाकळी नखानं ठेचली आणि नाकाखाली धरली. पेरू फोडला. मेथीची देठं चुरगळली. चहावाला आलं कुटत होता, त्याच्या गाड्यापाशी उगीच जाऊन उभी राहिली. शेवटी बाजाराच्या मागच्या नालीपाशी गेली, जिथून जाताना माणसं रुमाल तोंडाला लावतात, आणि तिथं उभी राहून पोटभर श्वास घेतला. पोत्यावर बसलेला हमाल हिला काय झालंय म्हणून बघत राहिला. नालीचं पाणी काळं होतं, बुडबुडे येत होते, वास मात्र नव्हता. सर्दी असेल, ती मनाशी म्हणाली. पण नाक वाहत नव्हतं, घसा दुखत नव्हता, दोन्ही नाकपुड्यांतून हवा सरळ ये-जा करत होती. ती परत येऊन गोणपाटावर बसली. तिच्या डोळ्यासमोर भाजी नव्हती. दिवेलागणीला तिच्या ओट्यासमोर रांगेनं येणारी सोळा पोरं होती.

ही रांग गल्लीतल्या बायकांनी काढलेला उपाय होता. दोन वर्षांपूर्वी गल्लीतली दोन पोरं पुलाखाली पंक्चरच्या सोल्युशनचा रुमाल नाकाला लावून बसलेली सापडली. मग एक कार्यक्रम झाला. बॅनर लागला, तेलुगूत भाषणं झाली, पोरांनी हात पुढे करून शपथ घेतली, फोटो निघाले. आणि शपथेच्या वेळी सगळ्यांत मोठ्यानं ओरडलेला पोरगा पंधरा दिवसांनी बेल्ट शॉपमागं सापडला. किराण्याच्या आड चोरून बाटल्या विकणाऱ्या दुकानाला इकडे बेल्ट शॉप म्हणतात, आणि ते कुठं आहे हे बॅनर लावणाऱ्यांना सोडून सगळ्यांना ठाऊक असतं. त्या पोराच्या बापानं त्याचा हात मोडला. पोरगा प्लास्टर घेऊन घरातून गेला तो बेज्जूरकडच्या मामाकडे आठ दिवसांनी सापडला. तेव्हा रेणुकाबाईच्या शिलाई मशीनभोवती बसून बायकांनी ठरवलं. बारा ते अठरा वर्षांचं प्रत्येक पोर, पोट्टा असो की पोट्टी, संध्याकाळी घरात शिरण्याआधी बयनाबाईच्या ओट्यापाशी थांबेल आणि 'हाऽ' करील. बयनाबाई वास घेईल. चांगलं असेल तर गाजराचा नाहीतर पेरूचा तुकडा हातावर, आणि जा घरी. वास आला तर ओट्यावर बसवून घ्यायचं. मारायचं नाही, ओरडायचं नाही, आणि बापाला तर आधी सांगायचंच नाही. हा शेवटचा नियम बयनाबाईचा. "बाप मारते," ती त्या दिवशी म्हणाली होती, "मारलं का पोट्टं पयते, अन् मंग जिथं पेलं तिथंच जाऊन बसते. आधी माह्यापाशी बसू द्या." बायका हसल्या होत्या, पुरुषांनी टिंगल केली होती, गल्लीत आता नाकाचं पोलिस ठाणं निघालं म्हणून. पण दोन वर्षांत सात पोरं ओट्यावर बसली, आणि सातातली पाच पुन्हा बसली नाहीत.

बयनाबाईच का, हे कोणी विचारलं नाही, कारण सगळ्यांना माहीत होतं. तिचा नवरा उद्धवराव जिनिंगमध्ये हमाली करायचा आणि गल्लीच्या तोंडाशी वळला की हिला आत चुलीपाशी कळायचं, आज काय घेतलं ते. ताडी आंबट. मोहाची गोडसर, जराशी जळकी. बाटलीतली दवाखान्याच्या कापसासारखी. गुंगीची पावडर घातलेली ताडी सगळ्यांत वाईट, तिला वास कमी आणि माणसाची जीभ जड. त्यानं लवंग चघळली, पेरूची पानं चावली, एकदा तर तोंडभर पुदिना खाऊन आला. तिला पुदिन्याच्या खालचंही कळलं. नवी नवरी असताना तिला या नाकाचा अभिमान वाटायचा, हे आठवलं की आता लाज वाटते. नाकाला सगळं कळलं आणि त्यानं झालं काय? शेवटच्या वर्षी उद्धवराव कधी कधी दारातच थांबायचा, चौकटीला धरून, आणि विचारायचा, "येऊन राह्यला का वास?" ती म्हणायची, "नाई." पोरगा राजकुमार आत अभ्यास करत असायचा, शेजारच्या घरात जाग असायची, आणि ती थकलेली असायची. 'येते' म्हटलं की पुढं बोलावं लागलं असतं. 'नाई' म्हटलं की तो आत येऊन जेवायचा. त्याला तेव्हा काय हवं होतं हे तिनं कधी स्वतःला विचारलं नाही. तो चव्वेचाळिसाव्या वर्षी पिवळा पडून गेल्यावर विचारलं, आणि मग रोज विचारत राहिली. राजकुमार शिकला, नागपूरला नोकरीला लागला, दारूच्या थेंबालाही शिवत नाही. घरीही फारसा येत नाही. गल्लीला वाटतं बयनाबाई पुण्य करते. ती पुण्य वगैरे करत नव्हती. ती फक्त रोज संध्याकाळी सोळा वेळा खरं बोलत होती, जिथं एके काळी एकदाही बोलली नव्हती.

आणि तिच्या जिभेला दारू काही परकी नव्हती. वांकिडीजवळच्या तिच्या माहेरच्या गावात, ती सहा-सात वर्षांची असताना, तिच्या अंगावर देवी आल्या होत्या. आत्यानं लिंबाचा डहाळा आणि ताडीचं मडकं नेऊन पोचम्मा देवीसमोर धार सोडली, म्हणजे साक घातली, आणि घरी येऊन उरलेल्या ताडीत बोट बुडवून हिच्या जिभेवर ठेवलं. प्रसादच तो. आंबट-गोड, जिभेला बारीक टोचणारा. ती म्हणाली होती, "अजून." घरातले सगळे हसले होते, बापानं कौतुकानं पाठ थोपटली होती. त्यानंतर दरसाल धाकट्या भावाला, चुलतभावांना, सगळ्यांना बोटभर मिळायची, आणि जो पोरगा तोंड वाकडं करायचा त्याला बायकी म्हणायचे. पुढं त्यातल्या दोघांचं काय झालं ते सगळ्या गावानं पाहिलं, पण बोट कोणाचं होतं हे कोणी विचारलं नाही. म्हणून ओट्यावर बसलेल्या पोराला ती कधी 'कोण्या वाईट माणसानं शिकवलं तुले' असं विचारत नसे. ती विचारायची, "पयल्यांदा चव कशी लागली?" पोरं चमकून तिच्याकडे बघायची आणि मग हळूहळू बोलायला लागायची.

मेथीच्या जुड्या बांधता बांधता ती दिवस मोजू लागली. दसऱ्याआधी तिला ताप आला होता, चार दिवस. त्यानंतर कधीतरी चुलीवरचं दूध करपलं, आणि ती चुलीपासून दोन हातांवरच तांदूळ निवडत बसली होती. रेणुकाबाई समोरच्या घरातून धावत आली, "बाई, दूध जयून राह्यलं नं! वास नाई येत का तुमाले?" बयनाबाई म्हणाली होती, "ध्यान नोयतं माह्यं." खरंच ध्यान नव्हतं का? मग दिवाळीत चिवड्यात हिंग जास्त पडला आणि मारोतरावांनी पहिल्या घासालाच पाणी मागितलं. मग अगरबत्ती. तेव्हाही तिनं ती जरा जास्त वेळ नाकाशी धरली होती आणि मग पटकन खोवून टाकली होती. म्हणजे तिला कळलं होतं. आज सडक्या सांबारानं कळलं हे खोटं. महिना-दीड महिना तिला कळलेलं होतं आणि ती ते स्वतःपासून लपवत होती, जसं उद्धवराव पुदिना खाऊन लपवायचा. ते नाक गेलं तर तिच्याकडे राहत होतं काय? गोणपाट, तराजू आणि नागपूरहून महिन्यातून एक फोन. गल्लीतल्या बायका तिला घरच्या कार्याला आधी बोलवायच्या, पोरं वाकून नमस्कार करायची, हे सगळं त्या दोन नाकपुड्यांवर उभं होतं. म्हणून ती रोज संध्याकाळी ओट्यावर बसली, सोळा तोंडांपुढं मान झुकवली, श्वास घेतल्याचं सोंग केलं, आणि पेरूचे तुकडे वाटले.

आणि मग तिच्या हातातली मेथी थांबली. अमर. रेणुकाबाईचा अमर, सोळा वर्षांचा, इंटरला म्हणजे अकरावीला शिकणारा. या वयाची पोरं 'हाऽ' करताना तोंड बाजूला फिरवतात, शरमतात, उडवून लावतात. अमरही तसाच होता. पण गेले तीन आठवडे तो रांगेत सगळ्यांच्या शेवटी यायचा. वाकून तिच्या चेहऱ्यासमोर तोंड आणायचा आणि छातीतली सगळी हवा बाहेर सोडायचा. गरम वाफ तिच्या पापण्यांवर यायची. मग तो जायचा नाही. तिच्याकडे बघत उभा राहायचा. "जाऊ?" तो विचारायचा. "जा न बाप्पा," ती म्हणायची. गेल्या गुरुवारी त्यानं विचारलं होतं, "बयनामाय, नीट पाह्यलं का?" आणि ती लाडानं म्हणाली होती, "तुह्यावालं काय पाहाचं रे, माह्या डोयासमोर वाढला तू." त्यानं पेरूचा तुकडा घेतला नव्हता. ओट्यावर तसाच ठेवून गेला होता, आणि तिला वाटलं होतं, पोरगा मोठा झाला, आता पेरूला लाजतो.

तो पकडला जायला येत होता. हे तिला भर बाजारात, उन्हात, मारोतरावांच्या शेजारी बसून कळलं, आणि तिच्या तोंडून "अगं माय" एवढंच निघालं. मारोतरावांनी विचारलं, "काय झालं बयनाबाई? घरी जाता का?" ती म्हणाली, "काई नाई, कंबर दुखली." दुपारभर ती तिथंच बसून राहिली. सुटकेच्या वाटा होत्याच. गुडघे दुखतात, आता बसवत नाही, दुसरी कोणी बघा, असं म्हणता आलं असतं. बायकांनी हळहळून निरोप दिला असता. सर्दीचं निमित्त करता आलं असतं. डोळ्यांवरून, चालीवरून ओळखता आलं असतं, तेवढी तिची नजर अजून होती. अमरला आज ओट्यावर बसवायचं आणि म्हणायचं, आला रे वास, आणि कोणाला काहीच कळलं नसतं. हीच वाट तिला सगळ्यांत जास्त आवडली, आणि म्हणूनच तिची भीती वाटली.

घरी परतताना गल्लीच्या तोंडाशी रेणुकाबाई भेटली, हातात कोणाच्या तरी लग्नाचे शिवायचे ब्लाउज. ती बयनाबाईबरोबर चालू लागली. "तुमी हायत म्हणून जीवाले घोर नाई बाई," ती म्हणाली. "अमर आजकाल घरात बोलूनच नाई राह्यला. जेवते अन् भिंतीकडं तोंड करून पडते. त्याचे बाबा म्हणते, विचार त्याले. मी म्हणते, काऊन विचारू? बयनाबाईनं पास केलं नं, मंग काईच नसन. वयच तसं असते." बयनाबाईच्या तोंडाशी शब्द आले होते. समोरून एक मोटारसायकल आली, दोघी बाजूला झाल्या, आणि ते शब्द तिथंच राहिले. ती एवढंच म्हणाली, "हो." घराचं कुलूप काढताना तिला त्या 'हो'ची आणि जुन्या 'नाई'ची एकच चव लागली.

दिवेलागणीला पोरं आली. पहिली नेहमीप्रमाणे बारा वर्षांची मयूरी, उड्या मारत. "हाऽऽ. कांदा खाल्ला मी आज, चिवड्यात. समजला नं?" बयनाबाई म्हणाली, "समजला." मयूरी खूश होऊन पेरू घेऊन पळाली, आणि बयनाबाईला वाटलं, आपण त्या पोरीच्या हातावर दगड ठेवला. दुसरं आलं, तिसरं आलं. प्रत्येकाचा श्वास गालाला लागत होता, कोणाचा ऊन, कोणाचा गार. त्यापलीकडे काही नव्हतं. रांग पुढं सरकत होती आणि ती आतल्या आत म्हणत होती, याच्यानंतर सांगते, हिच्यानंतर सांगते. शेवटी अमर आला. बाकीची चार-पाच पोरं अजून गल्लीतच रेंगाळत होती. तो वाकला. त्यानं छाती भरून घेतली आणि सोडली, लांब, सगळी, पार रिकामा होईपर्यंत. मग तिच्याकडे बघत उभा राहिला. त्याच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं आणि ओठांचा कोपरा फाटला होता, आणि हे दिसायला नाक लागत नव्हतं. ते रोजच दिसत असणार.

"अमर," ती म्हणाली, "मले वास येत नाई."

"म्हणजे चांगला हावो मी?" तो म्हणाला. आवाज कडवट होता.

"तसं नाई रे. मले कायचाच वास येत नाई. दसऱ्यापासून. नाक मेलं माह्यं. अन् मी कोणाले सांगतलं नाई. आज तूच सांग मले."

रेंगाळलेली पोरं वळून बघू लागली. मग अमर ओट्यावर बसला, उभं राहवेना म्हणून बसल्यासारखा. "आज घेतली," तो म्हणाला. "काल बी. गुडीहत्नूरच्या रोडवर जातो आमी, कॉलेज सोडून. पह्यले बियर होती. आता त्यानं काई होत नाई." त्यानं हाताच्या पालथ्या बाजूनं तोंड पुसलं. "तुले समजते म्हणून मी रोज जोरात करून राह्यलो होतो. मले वाटे, आज धरन. आज धरन. मंग मले वाटलं, हिले समजलं हाये, अन् हिनं सोडून देल्लं मले. आता मी कामाचा नाई राह्यलो."

बयनाबाईला रडू आलं आणि तिनं ते आवरलं नाही. "नाई रे बापा," ती म्हणाली, "नाई, नाई." तिचं रडणं ऐकून समोरच्या दारातून रेणुकाबाई आली, खांद्यावर टेप, बोटात सुई. तिनं आधी पोराकडं पाहिलं, मग बयनाबाईकडं. अमर म्हणाला, "आई, मी पितो." एवढं सरळ की रेणुकाबाईला आधी ते कळलंच नाही. कळलं तेव्हा ती पोराला काही बोलली नाही. ती बयनाबाईवर उसळली. "अन् तुमी? तुमी रोज पाहत होत्या नं? माह्या लेकराले रोज घरी धाडत होत्या?" बयनाबाईनं मान खाली घातली नाही. "हो," ती म्हणाली. "मले वास येत नाई, रेणुका. दीड महिना झाला. शरमेनं लपवलं म्या." रेणुकाबाईचा हात वर गेला, आणि कोणावर उगारला हे तिचं तिलाही कळलं नसावं, मग तो खाली आला. "मी विचाराले पाह्यजे होतं," ती पुटपुटली. "मी घरात होती नं." तिनं अमरच्या दंडाला धरलं आणि त्याला उठवून घेऊन गेली. जाताना मागं पाहिलं नाही.

मग बयनाबाई ओट्यावर उभी राहिली आणि तिनं बायकांना नावानं हाका मारल्या. दारं उघडली, कोणी पिठाचे हात घेऊन आल्या, कोणी टीव्ही तसाच सोडून. तिनं सगळ्यांना सांगितलं, काही न वगळता. दुधाचं, हिंगाचं, आणि आता मयूरीच्या कांद्याचंही. कोणी म्हणालं, "असं कसं बाई?" कोणी म्हणालं, "मंग आता आमच्या पोट्ट्यायचं कोन पाहीन?" तिला राग आला, दिवसभरातला पहिला, आणि तो बरा वाटला. "तुमाले नाकं नाईत का?" ती म्हणाली. "तुमच्या घरात येऊन राह्यलं नं ते लेकरू? मंग तुमीच घ्या वास. अन् नुसता वास नोका घेऊ, बसवा त्याले, बोला त्याच्याशी. बापाले आधी सांगू नोका, तेवढं माह्यं आयका." बायका एकेक करून आपापल्या दारात गेल्या आणि पोरांना हाका मारू लागल्या.

ओटा रिकामा झाला. ती पायरीवर बसून राहिली. एका दारातून "हाऽ कर" आलं, घाबरल्यासारखं, दुसऱ्यातून पोराचं हसणं आणि आईचं "हासू नोको, नीट कर", मयूरीच्या घरातून "एवढा कांदा खाल्ला का गं?" रेणुकाबाईचं दार लावलेलं होतं. तिकडून बराच वेळ काही आलं नाही, आणि तो वेळ बयनाबाईला फार जड गेला. मारल्याचा आवाज येईल म्हणून तिनं कान तिकडंच लावून ठेवला होता. मग अमरचा आवाज आला. तुटक, थांबत, मधेच फुटणारा, पुन्हा सुरू होणारा. काय बोलतोय ते कळत नव्हतं. तो बोलत होता, आणि त्याला कोणी अडवत नव्हतं. तो आवाज थांबेपर्यंत बयनाबाई उठली नाही.